जुन्या वृत्तपत्रांत ‘सातारा’ शोधला आणि शून्य आलं, तर काय करायचं

दरवर्षी जून-जुलै आला, पीएचडीच्या प्रगती अहवालाची तारीख तोंडावर आली, की आमच्या ग्रंथालयात एक ठरलेली तक्रार येते. "मॅडम, ऑनलाइन पेपरांत काहीच नाही हो." काय केलंत, असं विचारलं की उत्तरही ठरलेलं. शोधपेटीत इंग्रजीत सातारा किंवा सांगली टाकलं, एंटर मारलं, खाली शून्य निकाल. नाहीतर याच्या उलट, हजारो निकाल आणि त्यात आपल्या साताऱ्याचा एकही नाही.

मी साताऱ्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. पण ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह, न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट, अमेरिकेचं क्रॉनिकलिंग अमेरिका, नेदरलँड्सचं डेल्फर, ऑस्ट्रियाचं आनो, फ्रान्सचं गॅलिका ही जुन्या वृत्तपत्रांची फुकट उघडणारी ऑनलाइन दालनं आणि पैसे भरून बघायचं ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह, एवढ्यांत लोकांना वाट दाखवता दाखवता या शून्याचे प्रकार मला पाठ झालेत. परवा तेच सगळं एका आठवड्यात चौथ्यांदा सांगितलं, म्हणून आता लिहूनच ठेवते. पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवीन.

परवाची मुलगी वाईची. विषय साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांचा. इंग्रजांनी त्यांना १८३९ मध्ये गादीवरून काढलं आणि काशीला नेऊन ठेवलं, त्यावर ब्रिटनमधल्या वृत्तपत्रांत काय उमटलं हे तिला बघायचं होतं. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तब्बल १४ वर्षं तिथे झगडत राहिले. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभांत भाषणं झाली, पत्रकं निघाली, पार्लमेंटात विषय निघाला. आणि या पोरीच्या प्रकरणात टाईप केलेलं वाक्य होतं: ‘ब्रिटिश वृत्तपत्रांनी या लढ्याकडे पूर्ण दुर्लक्ष केले.’

"हे कशावरून?"

"मॅडम, नाव टाकून बघितलं की. रंगो बापूजी. शून्य आलं."

"अगं, शून्य आलं म्हणजे तुझा शब्द सापडला नाही. माणूस सापडला नाही असं नव्हे."

तिला शेजारी बसवलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. तोच क्रम इथे देते, कारण माझ्या अनुभवात हाच क्रम वेळ वाचवतो. बरेच जण उलटं करतात: आधी संकेतस्थळाला नावं ठेवतात, मग नेटला, मग विषय बदलतात.

आधी स्पेलिंग

दहातली आठ शून्यं इथेच सुटतात. आपण आज सातारा एस-ए-टी-ए-आर-ए असा लिहितो. १८४० च्या आसपासच्या इंग्रजी छापात तो बहुतेक वेळा दोन टी घेऊन येतो, एस-ए-टी-टी-ए-आर-ए. एक टी वाढवला आणि पडद्यावर निकालांची रांग लागली, तेव्हा त्या मुलीचा चेहरा बघण्यासारखा होता.

हे कुणी मनमानी केलेलं नाही, त्याला एक रीत होती. तेव्हाचे इंग्रज आपली नावं कानाला ऐकू येतील तशी लिहीत. आपला ‘अ’ त्यांना ‘बट’ या शब्दातल्या यूसारखा ऐकू यायचा, म्हणून अ च्या जागी यू. दीर्घ ई ला डबल ई, दीर्घ ऊ ला बऱ्याचदा डबल ओ, आणि ‘राव’ला आर-ओ-डब्ल्यू. ही चावी हातात आली की पुढचं आपलं आपल्यालाच सुचतं. मिरज होतं एम-डबल ई-आर-यू-जे. पटवर्धनांच्या नावात तीन-तीन यू येतात. महाबळेश्वरच्या ‘ब’ पुढे यू आणि शेवटच्या ‘व’ पुढेही यू. कोल्हापुरातला एच गायब होतो आणि शेवटी ओ-आर-ई येतं. वकील हा शब्द इंग्रजांनी तसाच उचललाय, पण के नंतर डबल ई. आणि रंगो बापूजी? आर-यू-एन-जी-ओ, बी-ए-पी-ओ-जे-डबल ई. आपण जे टाकत होतो त्यातला पहिला शब्दही जुळत नव्हता आणि दुसराही.

तिने स्पेलिंग कुठून घेतलं होतं तेही सांगते, कारण ही चूक फार जणांकडून होते. सातारा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमधून. जुनं पुस्तक म्हणजे जुनं स्पेलिंग, असा हिशेब. पण मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा साताऱ्याचा खंड १८८५ चा, क्रमांक १९. त्याच्या आधी, १८७० च्या दशकात, हंटरची लिप्यंतराची, म्हणजे आपली नावं रोमन अक्षरांत लिहिण्याची, पद्धत सरकारी कामात रुळायला लागली होती. तिथून पुढे यू जाऊन ए आला, दोन टींचा एक झाला. म्हणजे १८८५ चं स्पेलिंग घेऊन १८४५ चा पेपर शोधणं हे नव्या पत्त्यावर जुनं घर शोधण्यासारखं. आपल्या विषयाच्याच दशकातला एखादा छापील मजकूर मिळवा, पार्लमेंटातल्या चर्चेचा वृत्तान्त असेल तर उत्तम, आणि नावं त्यातून उचला. एक बातमी सापडली की तिच्यातली बाकीची नावं जशीच्या तशी वहीत उतरवून पुन्हा शोधपेटीत टाका. एका बातमीवरून दुसरी, असं ते पुढे सरकतं.

मग यंत्राने काय वाचलंय ते बघा

स्पेलिंग बरोबर आहे आणि तरी बातमी सापडत नाही, ही दुसरी तऱ्हा. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी लागते: आपण पेपर शोधतच नसतो. आपण शोधतो तो यंत्राने त्या पानावरून वाचून काढलेला मजकूर. मूळ कागद कधीतरी बांधून ठेवला, पुढे त्याची मायक्रोफिल्म झाली, फिल्मवरून स्कॅन झालं आणि स्कॅनवरून ओसीआर, म्हणजे यंत्राने चित्रातली अक्षरं ओळखणं. प्रत्येक पायरीला थोडं थोडं गळतं. पानाचं चित्र आपल्याला स्वच्छ दिसतं, कारण डोळे आपले असतात. शोधपेटी मात्र चित्रामागच्या त्या मजकुरावर चालते.

म्हणून बातमी हाताने सापडली, पण शोधात येत नसेल, तर मजकूर उघडून बघा. ट्रोव्हवर चित्राच्या बाजूलाच तो दिसतो. गॅलिकावर मजकुराच्या दृश्यात वाचन अंदाजे किती टक्के बरोबर असावं हेही लिहिलेलं असतं. तो आकडा कमी असेल तर त्या अंकाच्या शून्याला काडीची किंमत देऊ नका.

त्या दिवशी आम्ही एक पान असंच पुढ्यात घेतलं. १८४० च्या दशकातलं, बारीक टाईप, रकाने एकमेकांना चिकटलेले. मधोमध घडीची आडवी रेघ, आणि पाठीमागच्या पानाची शाई अलीकडे उतरलेली. डोळ्यांना रंगो बापूजी स्पष्ट दिसत होते. मजकुरात बघितलं तर ‘बापो’ ओळीच्या शेवटी, पुढे तुटक रेघ, आणि उरलेलं ‘जी’ खालच्या ओळीच्या सुरुवातीला. त्या काळचे जुळारी रकाना भरला की शब्द मध्येच तोडत, ते त्यांच्या दृष्टीने बरोबरच होतं. पण यंत्राने त्याचे दोन शब्द केले. वर घडीच्या रेघेतला सातारा! टीच्या आडव्या दांड्या पुसल्या गेल्या होत्या, त्यामुळे दोन्ही टींचे एल झालेले. म्हणजे शोधपेटीच्या लेखी त्या पानावर ‘सल्लारा’ नावाचं काहीतरी होतं आणि ‘बापो’ नावाचा कुणीतरी.

अशा चुका पोत्याने सापडतात, पण त्यांचे प्रकार थोडेच. टीचा एल. ईचा सी किंवा ओ. एचचा एल-आय, म्हणून ‘राजा’च्या शेवटचा एच फुटून दोन अक्षरं होतात. आर आणि एन जवळ आले की एम. यू आणि एन एकमेकांच्या जागी. सुरुवातीचा मोठा आर बीसारखा. आपल्या शब्दात यातली कुठली अक्षरं आहेत ते बघून दोन-तीन बिघडलेली रूपं मुद्दाम टाकून बघायची. लोकांना हे करताना लाज वाटते, चुकीचं स्पेलिंग टाकतोय म्हणून. टाका, कुणी बघत नाही.

१८०० च्या आधीचं काही शोधत असाल, वडगावची लढाई, सालबाईचा तह वगैरे, तर आणखी एक भानगड आहे. तेव्हाच्या इंग्रजी छापात शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला एस लांब असायचा, दिसायला जवळजवळ एफ. यंत्र त्याला एफच वाचतं. त्यामुळे ‘पेशवा’ शब्दातल्या एसच्या जागी एफ टाकून बघितल्याशिवाय अठराव्या शतकाबद्दल बोलू नये.

तुटलेल्या शब्दावरचा माझा नेहमीचा उपाय असा की बिघडायला अवघड शब्द शोधायचा आणि जोडीला दुसरा. नुसतं रंगो बापूजी न टाकता ‘वकील’ आणि ‘सातारा’ एकमेकांच्या जवळ असतील असं सांगायचं. ट्रोव्हवर दोन्ही शब्द एका अवतरणात घालून पुढे लाटेसारखं चिन्ह आणि पाच हा आकडा लिहिला की ते पाच शब्दांच्या अंतरात शोधतं. इतर ठिकाणी हे वेगळ्या रीतीने होतं. अक्षराच्या जागी तारा किंवा प्रश्नचिन्ह चालतं का, हेही प्रत्येकाचं निराळं. मदतीचं पान पाच मिनिटांचं असतं, पण ते वाचलेला विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही.

ट्रोव्हचं आणखी एक चांगलं आहे. मजकूर चुकलेला दिसला तर तुम्ही स्वतः तो दुरुस्त करू शकता, आणि ती दुरुस्ती पुढच्या माणसाच्या शोधात येते. त्या मुलीला मी तिथल्या एका बातमीतला ‘सल्लारा’ सुधारायला लावला. पंधरा मिनिटं गेली. तेवढ्यात वीज गेली आणि परत करावं लागलं, ते सोडा.

तारखेचा घोटाळा

प्रतापसिंह महाराजांनंतर गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. आता लंडनच्या पेपरात ही बातमी शोधायची तर एप्रिल १८४८ चा फिल्टर लावून काय मिळणार? डाक मुंबईहून आगबोटीने सुएझपर्यंत, तिथून जमिनीवरून, पुन्हा बोटीने युरोपात. महिना-दीड महिना धरायचा. ऑस्ट्रेलियाच्या पेपरात तीच बातमी लंडनच्या पेपरावरून उचललेली असेल तर आणखी कित्येक महिने. ब्रिटन ते मुंबई अशी समुद्राखालून थेट तार १८७० मध्ये आली आणि ऑस्ट्रेलिया १८७२ मध्ये तारेने जोडला गेला. त्यानंतर हा फरक महिन्यांवरून दिवसांवर आला. म्हणून १८७० च्या आधीच्या घटनेला मी नेहमी घटनेच्या तारखेपासून पुढे सहा-आठ महिन्यांचा पट्टा लावते. फिल्टर आवळून बसण्यापेक्षा दहा फालतू निकाल चाळलेले बरे.

याच्या आतला एक बारीक खड्डा. जुन्या इंग्रजी बातमीत तारखेपुढे ‘अल्ट’ किंवा ‘इन्स्ट’ अशी तुटक अक्षरं असतात. ‘अल्ट’ म्हणजे गेल्या महिन्याची, ‘इन्स्ट’ म्हणजे चालू महिन्याची. जूनच्या अंकात ‘१२ अल्ट’ लिहिलं असेल तर ती १२ मे. त्यातही बातमी दुसऱ्या पेपरातून उचललेली असेल, तर ‘गेला महिना’ कुणाचा, उचलणाऱ्याचा की मूळ पेपराचा, हे बघावं लागतं. एका प्रबंधात याच कारणाने एक सभा ती भरण्याच्या आधीच संपलेली मी बघितली आहे. परीक्षकांच्या नजरेतून सुटलं म्हणून निभावलं.

पेपर तिथे आहे तरी का

हे खरं तर पहिलं बघायला हवं, पण कुणी बघत नाही म्हणून इथे घातलं.

१८४८ सालच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त काय आलं, असं विचारत एकजण आला होता. १८४८ मध्ये त्या नावाचा पेपरच नव्हता. १८३८ मध्ये तो ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ म्हणून सुरू झाला आणि आजचं नाव १८६१ मध्ये आलं. पेपराच्या नावाचा फिल्टर लावणाऱ्या संकेतस्थळावर अशा वेळी शून्यच येणार. पेपर नावं बदलतात, एकमेकांत विलीन होतात, मध्येच बंद पडून पुन्हा निघतात. त्या पेपराच्या माहितीच्या पानावर कुठली वर्षं उपलब्ध आहेत ते आधी बघा, आणि एखाद्या वर्षावर टिचकी मारून कुठले अंक गाळलेत तेही. बऱ्याचदा नेमका आपल्याला हवा तो आठवडा नसतो. त्यावर इलाज नाही, नोंद करून ठेवायची.

दुसरी अडचण अलीकडच्या विषयांची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप परदेशी पेपरांत कसा आला हे पाटणच्या एका मुलाला हवं होतं. ट्रोव्हवर त्याला काही मिळेना. कारण साधं: तिथले बहुतेक पेपर स्वामित्वहक्कामुळे १९५४ पाशी थांबतात. पण ‘कॅनबेरा टाइम्स’ १९९५ पर्यंत आहे. फिल्टर त्या एका पेपरावर ठेवला की काम पुढे सरकतं.

शून्याच्या उलट: निकालच निकाल

१९१० च्या आसपासचा सातारा ट्रोव्हवर शोधा, महापूर येतो. वाचायला लागलं की कळतं, ही एक बोट आहे. ‘सातारा’ नावाची आगबोट त्या साली न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर सील रॉक्सजवळ बुडाली. चौकशी, माल, खलाशी, सगळ्या बातम्या तिच्या. ‘मराठा’ शब्दाचंही तेच. या नावाची एक बोट १९०९ मध्ये आणि दुसरी १९३९ मध्ये, दोन्ही इंग्लंडजवळच्या एकाच वाळूच्या पट्ट्यावर अडकून गेल्या. जहाजं वगळायची तर ‘स्टीमर’, ‘कॅप्टन’, ‘रेक’ हे शब्द वजा करा. वजाबाकीचं चिन्ह बहुतेक ठिकाणी चालतं. पण जपून, कारण ‘कॅप्टन’ वजा केला की पलटणीच्या बातम्याही जातात.

सांगलीवाल्यांचं काम थोडं सोपं. विजय हजारे सांगलीचे, आणि १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडला त्यांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली, ११६ आणि १४५. त्या आठवड्यातले ऑस्ट्रेलियन पेपर शोधा आणि मनसोक्त वाचा. स्पेलिंगचा प्रश्न नाही, टाईप ठसठशीत, तारही त्याच दिवशीची. नवख्या माणसाला हात बसवायला मी हाच शोध देते. एकदा सापडायला लागलं की धीर येतो.

इंग्रजीच्या बाहेर

आमच्याकडे बहुतेक जण इंग्रजीपुढे जात नाहीत, भाषा येत नाही म्हणून. पण शोधायला भाषा यावी लागत नाही, स्पेलिंग यावं लागतं. जर्मनमध्ये राजाचा ‘ज’ लिहायला डी-एस-सी-एच अशी चार अक्षरं लागतात. आनोवरचे जुने पेपर गॉथिक वळणाच्या टाईपात आहेत, तिथे तोच लांब एस पुन्हा भेटतो आणि यंत्र डी-एफ-सी-एच वाचतं. फ्रेंचमध्ये ‘मराठे’ला एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ई-एस. डचमध्ये राजाचं आर-ए-डी-जे-ए. सातारा मात्र या भाषांतही बहुधा दोन टींचाच, कारण बातम्या लंडनच्या पेपरांवरूनच जात. सापडलेला परिच्छेद मोबाईलमधल्या भाषांतरात टाकून अंदाज घ्यायचा. प्रबंधात उतरवण्यापूर्वी मात्र ती भाषा जाणणाऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या.

आपले मराठी पेपर

इथे दुखणं निराळंच आहे. बऱ्याच जुन्या मराठी अंकांच्या पीडीएफमागे मजकूरच नसतो, नुसती चित्रं. त्यात शोध लावणं म्हणजे फोटो अल्बमला हाक मारणं. पीडीएफवर कर्सर फिरवून एखादा शब्द निवडला जातोय का बघा. नाही निवडला गेला तर मजकूर नाही. टेसरॅक्ट ही ओसीआरची फुकट प्रणाली मराठी वाचते, तिच्यातून तो काढता येतो. पण जुन्या खिळ्यांची जोडाक्षरं आणि तुटकी शिरोरेघ यांनी ती हैराण होते. पन्नास पानांसाठी हा खटाटोप करण्यापेक्षा डोळ्यांनी वाचणं लवकर उरकतं, हे माझं स्पष्ट मत.

मजकूर असला तरी आपण आजच्या मराठीत शोधतो. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ चे. त्याआधी ‘काही’ नव्हतं, ‘कांहीं’ होतं. ‘नाहीं’, ‘झालें’, ‘आंत’. त्याहून मागे गेलात तर ‘म्हणून’ हे ‘ह्मणून’ असं छापलेलं, ह आधी आणि म नंतर. गावाच्या नावांना विभक्ती चिकटलेली असते: ‘सांगलीस’, ‘साताऱ्यांत’. त्यात ‘साताऱ्या’तला अर्धा र संगणकात दोन-तीन तऱ्हांनी टाईप होतो, दिसायला एक, यंत्राला वेगळा. म्हणून मूळ शब्दाचा फक्त न बदलणारा तुकडा टाका, ‘साता’ किंवा ‘सांगली’, आणि शेपूट मोकळं सोडा.

अंकच हाताशी नसेल तर एक आडवाट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई सरकार देशी पेपरांचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्याला करून घेत असे. मूळ साप्ताहिकाचा अंक आज कुठेच नसला तरी त्यातला एखादा परिच्छेद या गोषवाऱ्यांत सापडतो. फक्त हे लक्षात ठेवायचं की निवड सरकारी अनुवादकाची आहे. सरकारला ज्याची धास्ती, ते त्यात आलं. पाऊसपाणी, नाटकाच्या जाहिराती, लग्नकार्यं यांत नाहीत.

आणि एक सोपी तपासणी. ‘केसरी’ १८८१ मध्ये सुरू झाला तो मंगळवारी निघायचा, त्याचा इंग्रजी जोडीदार ‘मराठा’ रविवारी. सुरुवातीच्या त्या वर्षांतला केसरीचा संदर्भ दिलाय आणि ती तारीख कॅलेंडरात शुक्रवारी येतेय, तर तळटीप कुणीतरी दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेली आहे. गाईडच्या आधी तुम्हीच पकडा.

आकडे मोजण्याचा मोह

सापडायला लागलं की दुसरी हौस सुटते, आलेख काढायची. १८४० च्या दशकात इतक्या बातम्या, १८५० च्या दशकात तितक्या, म्हणजे आस्था वाढली. थांबा. ब्रिटनमध्ये वृत्तपत्रांवरचा स्टॅम्प कर १८५५ मध्ये उठला आणि पेपरांचं पीक आलं. पेपर वाढले म्हणून बातम्या वाढल्या, यात साताऱ्याचं कौतुक किती हे वेगळं काढावं लागेल. शिवाय एका पेपरात आलेला मजकूर गावोगावचे पेपर शब्दशः उचलत. वीस निकाल दिसतात, वाचायला घेतलं तर एकच बातमी वीसदा. मी त्या मुलीला सांगितलं, निकाल मोजू नकोस, वेगवेगळे मजकूर मोज. आकडा एकदम उतरला. ती जरा हिरमुसली, मग शिपाईमामांनी आणलेला चहा घेऊन परत बसली.

वही

शेवटची गोष्ट कंटाळवाणी आहे, पण तिच्यावाचून हे सगळं वाया जातं. प्रत्येक शोध लिहून ठेवा: कुठल्या संकेतस्थळावर, नेमका कुठला शब्द कुठल्या स्पेलिंगने, कुठून कुठपर्यंतच्या तारखा, कुठले फिल्टर, किती निकाल, आणि शोध कोणत्या दिवशी केला. शून्य आलं तरी लिहा. ही दालनं सतत भरत असतात, आजचं शून्य वर्षभराने शून्य राहीलच असं नाही, म्हणून शोधाचा दिवस महत्त्वाचा. सापडलेल्या बातमीचं पेपराचं नाव, अंकाची तारीख, पान आणि रकाना लिहा, चित्र उतरवून घ्या आणि तिथे दिलेला कायमचा दुवा घ्या. वरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता कॉपी केला तर तो बहुधा तुमच्या त्या दिवसाच्या शोधाचा असतो, बातमीचा नव्हे. उद्या तो उघडत नाही आणि तुम्ही पुन्हा माझ्याकडे येता.

वाईच्या मुलीने ते ‘पूर्ण दुर्लक्ष’ खोडलं. त्या जागी आता तिचा दीड पानाचा तक्ता आहे, त्यात सातारा सहा तऱ्हांनी लिहिलाय आणि दोन ओळींत तुटलेले रंगो बापूजीही आहेत. सध्या ती डेल्फरवर आहे. डच तिला ओ की ठो येत नाही, पण परवा जिन्यात भेटली तेव्हा मी विचारायच्या आधीच म्हणाली, "आर-ए-डी-जे-ए, मॅडम."